पाण्याला काय म्हणायचं

त्या घरातली आजोबांची गोष्ट ऐकून हसू नकोस, असं वडिलांनी रबाबला लग्नाआधी एकदाच बजावलं होतं, आणि ती नेमकी त्याच गोष्टीला पोट धरधरून हसली होती. गोष्ट होतीच तशी. हादीचे, म्हणजे तिच्या नवऱ्याचे, आजोबा तरुणपणी बगदादमधल्या शोर्जाच्या बाजारात हमाली करायचे. उस्मानी सुलतानाचे शिपाई नगारा वाजवत गल्लीत शिरले, दिसेल त्या तरण्या माणसाला धरून लढाईवर धाडायला लागले, तेव्हा हे आजोबा दोन कोंबड्या काखोटीला मारून इराणी वकिलातीत गेले आणि म्हणाले, मी शाहाची प्रजा. शाह कोण, राहतो कुठे, दाढी ठेवतो की नाही, त्यांना काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. कारकुनाने कोंबड्या आत पाठवल्या आणि कागदावर शिक्का मारला. गल्लीतले बाकीचे गेले ते गेलेच. आजोबा मात्र तो कागद उशीखाली ठेवून नव्वदीपर्यंत जगले. प्रत्येक लग्नात, प्रत्येक ईदेला हादीचे काका ही गोष्ट कोंबड्यांच्या आवाजासकट सांगायचे. हादीची आई, जिला घरातली लहानथोर सगळी बीबी म्हणायची, ओढणीने डोळे पुसत दर वेळी तेच म्हणायची, "माझ्या सासऱ्याने दोन कोंबड्यांत राजा विकत घेतला गं!" आणि रबाब दर वेळी नव्याने हसायची. तिचे वडील जन्मभर नोंदणी कचेरीत कारकून होते. ते म्हणाले होते, "मुलाचं नाक, डोळे, पदवी सगळं नंतर बघ. आधी त्याच्या दाखल्यावरचा तो एक रकाना बघ." रकाना होता तबइय्या, म्हणजे कुणाची प्रजा. त्यात दोनच शब्दांची सोय होती, उस्मानी नाहीतर इराणी. बगदादमध्ये जन्मलेला, बगदादमध्ये मरणारा माणूस अस्सल इथला ठरायचा तर त्या रकान्यात उस्मानी असावं लागायचं. रबाब तेव्हा भूगोलाची पदवी घेऊन नुकतीच बाहेर पडली होती. "बाबा, उस्मानी राज्य बुडून साठ वर्षं झाली. दाखवा ना मला नकाशावर कुठे आहे ते." वडील चष्मा पुसत म्हणाले होते, "नकाशावर नाही. कपाटात आहे."

हे सगळं तिला आरोग्य केंद्रातल्या बाकावर, फेब्रुवारीतल्या त्या सकाळी का आठवावं? आठवलं तरी चेहऱ्यावर दिसू नये एवढीच तिची धडपड होती. बाक लोखंडी होता आणि अबायाच्या काळ्या घोळातूनही मांड्यांना गार लागत होता. इराणशी लढाई सुरू झाल्यापासून खिडक्यांच्या काचांना निळा रंग फासलेला, त्यामुळे आत बसलेल्या सगळ्या बायका आणि त्यांची मुलं पाण्याखाली बसल्यासारखी दिसत होती. कोपऱ्यात घासलेटचा स्टोव्ह, त्याच्यावर सुया उकळायचं भांडं, त्याची वाफ, स्पिरिटचा वास, आणि ओल्या लोकरीचा. भिंतीवरच्या राष्ट्राध्यक्षांच्या फोटोकडे पाठ येणार नाही अशा बेताने रबाब बसली होती. अलीकडे ती कुठेही गेली की आधी फोटो कुठे आहे ते बघायची, मग दार कुठे आहे ते, मग बायकांचे पाय. पायांवरून पुष्कळ कळतं. चप्पल घरची आहे की बाहेरची, टाचा भेगाळलेल्या आहेत की नाहीत, आणि काही कारण नसताना कुणाचा पाय आपल्याकडे वळलेला आहे का. मैसम, तिचा मुलगा, दोन वर्षं आणि तीन महिन्यांचा, मांडीवर बसून भोपळ्याच्या खारवलेल्या बिया चोखत होता. बिया त्याला तिनेच दिल्या होत्या, गप्प बसावा म्हणून. ती चूक. सगळं त्या मिठाने केलं.

शेजारी उम्म गाजी नावाची एक भरदार बाई दोन नातवंडं घेऊन बसली होती आणि सगळ्या खोलीचं मनोरंजन करत होती. "अहो सिस्टर, आमचा नंबर यायचा तोवर या पोराला मिसरूड फुटेल. मग सुई नको, सरळ बंदूक द्या हातात!" बायका हसल्या, आणि हसता हसता एकदम थांबल्या, कारण बंदूक हा शब्द त्या वर्षी कुणाच्याही तोंडून हलका बाहेर पडत नव्हता. तेवढ्या शांततेत मैसमने तोंडातली बी काढली, मान वर केली आणि स्पष्ट, खणखणीत आवाजात म्हणाला, "आव."

बगदादमध्ये पाण्याला माय म्हणतात. साऱ्या शहरात, श्रीमंतांच्या कर्रादेत आणि बाजाराच्या गाळ्यांत, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी माय. आव म्हणायचे ते बीबीच्या घरात. बीबीची माणसं डोंगराकडून आलेली, फैली कुर्द. तीन पिढ्या शहरात काढल्या, बाहेर अरबी बोलली, पण माठ, चूल, झोप आणि तहान यांच्यासाठी त्यांनी आपले जुने शब्द ठेवले होते. मैसमचा पहिला शब्द आई नव्हता, बाबाही नव्हता. बीबीने माठातलं पाणी बोटाने त्याच्या ओठांना लावलं होतं आणि तो म्हणाला होता, आव. त्या दिवशी बीबीने गल्लीभर खडीसाखर वाटली.

"काय म्हणाला गं तो?" उम्म गाजी वळली. वळताना तिचे पाय वळले, हे रबाबने आधी पाहिलं. "आव," मैसम पुन्हा म्हणाला, आता जरा रडवेला. एवढ्याशा अवधीत माणसाचं मन काय काय धुंडाळून येतं! आणि मग रबाबचंच तोंड, तिची परवानगी न घेता, हसून म्हणालं, "भुंकतोय हो. शेजारी कुत्रा आहे ना, दिवसभर त्याची नक्कल." खोली हसली. खोलीला हसायला काहीतरी हवंच होतं. "अगं बाई, भुंक भुंक! पुन्हा भुंक रे, डोळ्या माझ्या!" उम्म गाजीने त्याच्या हनुवटीला बोट लावलं. मैसमला वाटलं, या बाईला कळलं. तो तिच्याकडे झुकून हात पसरून म्हणाला, "आव, आव." बायका आणखी हसल्या. एकीने उलट भुंकून दाखवलं. तिचं मूल टाळ्या पिटायला लागलं. मैसमने सगळ्यांचे चेहरे एकेक करून पाहिले. शेवटी आईकडे पाहिलं. रबाबही हसत होती. तो रडला नाही. रडला असता तर बरं झालं असतं, असं तिला नंतर कितीतरी दिवस वाटत राहिलं.

तेव्हा समोरच्या बाकावरची एक बाई उठली. किरकोळ बांध्याची, तिशीच्या आतली, कडेवर झोपलेली मुलगी. तिने कोपऱ्यातल्या नळावर पत्र्याचा पेला भरला, मैसमपुढे आली, आणि त्याच्या तोंडाला लावला. तो घटाघट प्यायला. हसणं तेवढ्यापुरतं थांबलं. "तहानलाय," ती बाई सगळ्यांना म्हणाली, जणू माफी मागत होती, "मुलं भुंकायला लागली की समजावं तहानलीत." आणि परत जाऊन बसली. पण बसायच्या आधी तिने रबाबकडे पाहिलं होतं. त्या नजरेत दया असती तर रबाबने ती झटकून टाकली असती. त्या नजरेत ओळख होती.

दोघींचे नंबर लागोपाठ आले. सिस्टरने आधी "हैफा अब्बास" अशी हाक मारली तेव्हा रबाबला त्या मुलीचं नाव कळलं. सुई टोचल्यावर सहा आठवड्यांनी पुढचा डोस, तारीख पुन्हा सांगणार नाही, असं सिस्टर दोघींना एकाच दमात ओरडली. बाहेर आवारात बोराचं झाड होतं. तिथे ती बाई थांबली होती. मुलीच्या दंडावरचा कापूस ती उगाचच दाबत होती.

"माझ्या आईकडे पाण्याला तसंच म्हणायचे," ती हळूच म्हणाली.

"तुमची काहीतरी चूक होतेय," रबाब म्हणाली.

"चूकच असेल. माझ्या पुष्कळ चुका होतात." ती हसली. पुढचा एक दात किंचित तुटलेला होता, त्यामुळे हसू लहान मुलीसारखं दिसायचं. "मी हैफाची आई. तुम्ही?"

रबाबने नाव सांगितलं नाही. मुलाच्या नावाने सगळ्याच आयांना हाक मारतात, उम्म मैसम म्हणायला काही बिघडत नव्हतं, पण तेही सांगितलं नाही.

"हैफाचा बाप आघाडीवर आहे, बसऱ्याच्या बाजूला," ती बाई सांगत राहिली. तिला थांबवणं कठीण होतं. ज्या बाईशी पुष्कळ दिवस कुणी बोललेलं नसतं तिला थांबवता येत नाही, हे रबाबला स्वतःवरून माहीत होतं. "तो उस्मानी. मीच तेवढी पलीकडची, कागदावर. पलीकडे काय आहे मी बघितलंसुद्धा नाही. त्याच्या वरिष्ठाने त्याला बोलावून सांगितलं म्हणे, असली बायको सोड, सरकार खूश होईल. त्याने पत्रात लिहिलंय, घाबरू नकोस. आता सांगा, घाबरू नकोस असं लिहिल्यावर माणूस घाबरणार नाही तर काय करील?" रबाब फाटकाकडे बघत होती. "न्हाव्याचं दुकान आहे ना, बेकरीच्या पुढे? त्याच्या बाजूचा बोळ. तिसरं दार, हिरवं. दिवसभर एकटीच असते. शेजारी बोलायचे बंद झालेत. त्यांची तरी काय चूक? या ना कधी. मुलं खेळतील."

"मला वेळ नसतो," रबाब म्हणाली आणि निघाली. फाटकातून बाहेर पडल्यावर तिने मुद्दाम उलटा रस्ता धरला. मैसमला खांद्यावर घेऊन ती कालव्याच्या बाजूने लांबून घरी आली, दोनदा थांबून चप्पल नीट केल्यासारखं करत मागे पाहिलं. मागे कुणी नव्हतं. ते बघून तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं.

वडील रेडिओजवळ बसले होते. निवृत्त झाल्यापासून ते रेडिओ लावत, पण आवाज इतका बारीक ठेवत की त्यांनाही ऐकू येत नसावा. "झालं?" "झालं." "कोणी काही विचारलं?" "नाही, बाबा." त्यांनी मान हलवली. बापलेकीचं बोलणं आता एवढंच होई. मैसमच्या नोंदीत, त्या एका रकान्यात, वडिलांनी निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात स्वतःच्या हाताने, स्वतःच्या दौतीतल्या शाईने उस्मानी असं लिहिलं होतं. तीस वर्षं ज्या माणसाने कुणाच्या नावातला एक नुक्ता इकडचा तिकडे केला नाही त्याने. लिहिताना त्यांचं अक्षर नेहमीसारखंच सुंदर आलं होतं. त्यांना वाटायचं, तेच अक्षर आपल्याला पकडून देईल. कोणीतरी एक दिवस ते पान उघडेल आणि म्हणेल, एवढ्या गलथान पुस्तकात हा एकच शब्द इतका देखणा कसा? त्या शब्दावर सगळं तोललेलं होतं. मुलगा बापाच्या मागे जातो, हा कायदा. बाप इराणी तर मुलगा इराणी, मग तो दोन वर्षांचा का असेना. आणि त्याला सरहद्दीपलीकडे लोटलं तर रबाब त्याच्याबरोबर जाणार. मग इथे, या शहरातल्या कुठल्याशा तुरुंगात असलेल्या हादीसाठी बाहेर कोण राहणार? सुटून आला तर कुणाच्या दारावर थाप मारणार?

कारण हादी पलीकडे गेलेला नव्हता. तेवढं तिला एका शेजारणीकडून कळलं होतं. मागच्या एप्रिलमध्ये, ज्या सकाळी सरकारची माणसं सासरच्या घरी आली, त्या सकाळी रबाब तापलेल्या मैसमला घेऊन माहेरी आली होती. एवढ्याशा तापाने दोघांना मागे ठेवलं. शेजारणीने सांगितलं, बीबी भट्टीतून रोट्या काढत होती. ते म्हणाले, तासाभराचं काम आहे, सही करून परत या. बीबी म्हणाली, थांबा, एवढ्या चार निघू देत, करपतील. त्यांनी थांबू दिलं. ही गोष्ट रबाबला सर्वांत जास्त छळायची, की ते थांबले. चार रोट्या निघेपर्यंत ते अंगणात उभे होते, त्यातल्या एकाने म्हणे एक रोटी खाल्लीसुद्धा, छान झालीय म्हणाला. मग बीबीला, काकांना, काकूला एका गाडीत घातलं आणि हादीला वेगळ्या. तरुण पुरुष वेगळे. बीबीच्या पायांत घरातल्या सपाता होत्या. डोंगरातून, गारठ्यातून, सुरुंगांमधून लोकांना चालत पलीकडे जायला लावतात असं रबाब पुढे ऐकत गेली, आणि प्रत्येक वेळी तिला त्या सपाता दिसल्या, पुढून उघड्या, टाचेला झिजलेल्या. दुसऱ्या दिवशी ती घराशी गेली तर दाराला लाल लाखेचा शिक्का होता. गच्चीवर दोरीवर मैसमचं झबलं वाळत होतं. ते खालून दिसत होतं. ती रस्त्याच्या पलीकडून बघत राहिली आणि मग इतर लोक जसे चालले होते तशी चालायला लागली. तीसुद्धा थांबली नाही.

पुढचे सहा आठवडे रबाबने मुलाला पाणी शिकवलं. सकाळी उठल्याबरोबर पेला त्याच्यासमोर धरायचा, मागे घ्यायचा. "काय हवं?" "आव." पेला मागे. "माय म्हण. मा-य." तो बघत राहायचा. त्याला वाटायचं, खेळ आहे. तो हसून, मोठ्याने, तिला आवडेल अशा समजुतीने म्हणायचा, "आव!" एकदा त्याने असं अकरा वेळा केलं आणि अकराव्या वेळी रबाबचा हात उठला. गालावर तिची बोटं उमटली. आवाज ऐकून वडील दारात आले, आणि परत जाऊन त्यांनी रेडिओचा आवाज थोडा मोठा केला. त्या दिवसानंतर मैसम तहान लागली की मागायचा नाही. नळाखाली जाऊन नुसता उभा राहायचा. तिने पाणी दिलं की प्यायचा. नाही दिलं तर उभा. अडीच वर्षांचं मूल इतकं शांत उभं राहू शकतं, हे तिला भयंकर वाटायचं. पदवीच्या वर्षी तिने कोरड्या प्रदेशांवर निबंध लिहिला होता. पाऊस न पडता नद्या कशा आटतात, पाणी जमिनीखाली कुठवर जातं. बक्षीस मिळालं होतं त्याला.

पण एका दुपारी तिला वेगळंच काही कळलं. ती मोरीत कपडे धूत होती, उन्हं तापायला लागली होती, आणि घसा कोरडा पडला म्हणून तिने कपाळावरचा घाम पुसला व स्वतःशीच पुटपुटली. मैसम लगबगीने पेला घेऊन आला. तिने त्याच्याकडे पाहिलं. तिच्या तोंडून काय निघालं होतं ते तिला आता आठवलं. म्हणजे बीबी गेल्याला दहा महिने झाले तरी शब्द त्याच्या तोंडी टिकला तो असा. तो तिनेच ठेवला होता. भाजी चिरताना, त्याचं तोंड धुताना, झोपेतून उठताना ती तो म्हणत असणार, रोज, कितीतरी वेळा, आणि त्याच शब्दासाठी तिने त्याला मारलं होतं. तिने पेला घेतला. सगळं पाणी प्यायली. मग तिने स्वतःलाही शिकवायला घेतलं. मनातल्या मनात बोलायचं तेही सांभाळून. तहान लागली तर ती बीबीच्या शब्दात आठवायची नाही, शहराच्या शब्दात आठवायची. आणि मनातल्या खोल्या अशा एकेक बंद होत गेल्या, तसतशी हैफाची आई तिला दिसायला लागली. तो तुटका दात. पत्र्याचा पेला. मुलं भुंकायला लागली की समजावं तहानलीत. कधी वाटायचं, ती पाठवलेली बाई होती. सत्ताधारी पक्षाच्या बायका केंद्रांत, हमामांत, मयताच्या घरांत बसतात आणि असंच गोड बोलून काढून घेतात, हे सगळ्यांना माहीत होतं. नाहीतर अनोळखी बाईला कुणी आपलं दार सांगतं का, रंगासकट? मग वाटायचं, ज्या बाईला गळ टाकायचा असतो ती आपलं घर सांगत नाही, आपलं विचारते. तिने रबाबचं काहीच विचारलं नव्हतं. नावाखेरीज काही नाही, आणि तेही मिळालं नव्हतं. सहा आठवड्यांत रबाब तिच्याशी मनातल्या मनात एवढं बोलली, कपडे पिळताना, डाळ निवडताना, की आता प्रत्यक्ष भेटल्यावर काय बोलणार असा प्रश्न पडला. तिने ठरवलं, पुढच्या डोसाच्या दिवशी तिच्याच शेजारी बसायचं. बोलायचं नाही. नुसतं शेजारी. त्यात कुणाला काय दिसणार होतं?

त्या दिवशी तिने मैसमला नवा सदरा घातला. हैफाला द्यायला म्हणून दोन क्लेच्या, म्हणजे खजूर भरलेल्या भाजक्या वड्या, रुमालात बांधल्या, मग सोडल्या, मग पुन्हा बांधल्या. केंद्रात लवकर जाऊन तिने बाकावर आपल्या शेजारी पिशवी ठेवली, जागा धरायला. "इथे कोण आहे?" एकीने विचारलं. "येतेय," रबाब म्हणाली. इतक्या महिन्यांत कुणासाठी तरी येतेय हा शब्द ती पहिल्यांदा उच्चारत होती. उम्म गाजी आली, तशीच धापा टाकत. "काय गं, तुझा भुंकणारा कसा आहे?" मैसम तिच्याकडे बघून म्हणाला, "माय." शुद्ध, गोल, कर्रादेतल्या मुलासारखा. "बघा! माणसात आला!" उम्म गाजी म्हणाली. खोली हसली.

"हैफा अब्बास!" सिस्टरने हाक मारली. कुणी उठलं नाही. "हैफा अब्बास! ऐकू येत नाही का?" रबाबने दाराकडे पाहिलं. दारातून ऊन आत येत होतं, बाकी काही नाही. "हैफा अब्बास, तिसऱ्यांदा सांगते!" "आजारी असेल पोर," एक बाई म्हणाली. उम्म गाजीने इकडेतिकडे पाहिलं, आवाज खाली आणला आणि रबाबच्या कानाशी येऊन म्हणाली, "ती पाणी देणारी ना? अगं, तिचं काहीतरी होतं म्हणतात. कागदाचं." आणि लगेच मागे सरून मोठ्याने, "सिस्टर, पुढचं घ्या हो, इथे म्हातारपण आलं!" सिस्टरने पेन्सिल जिभेला लावून ओलसर केली आणि यादीवर आडवी रेघ मारली. त्या वेळी रबाबला म्हणता आलं असतं, थांबा, मी त्यांना ओळखते, मी निरोप देते. तेवढंच वाक्य. ते तिच्या तोंडात तयार होतं. ते तिने गिळलं. मैसमची सुई झाली, तो आता सुईलाही रडत नव्हता, आणि दोघं बाहेर पडली.

ती बेकरीपर्यंत गेली. बेकरीच्या पुढे न्हाव्याचं दुकान होतं, खरंच होतं, म्हणजे ती बाई खोटं बोलली नव्हती. न्हावी बाहेर खुर्ची टाकून बसला होता. त्याच्या बाजूला बोळ आत गेलेला, अरुंद, मधोमध वाहत्या सांडपाण्याची रेघ. रबाबने बोळात आतवर पाहिलं नाही. मान तेवढी वळवली असती तर तिसरं दार दिसलं असतं. दारावर लाल काही आहे की नाही तेही दिसलं असतं. न्हाव्याने तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "कुणाकडे जायचंय, ताई?" तो सज्जन होता की दुसरा कुणी, सांगता येत नव्हतं. त्याचे पाय तिच्याकडे वळलेले होते, पण खुर्चीच तशी ठेवलेली असेल. "समून कुठे मिळतील?" तिने विचारलं. न्हाव्याने हसून तिच्या मागे बोट दाखवलं. ती बेकरीच्याच दारात उभी होती, भाजलेल्या पावाच्या वासात. "दोन पावलांवर," तो म्हणाला. तिने समून घेतले, नको असताना सहा, आणि आली त्या रस्त्याने परत फिरली. रुमालातल्या वड्या मैसमने वाटेत खाल्ल्या, दोन्ही.

रबाब आता त्या बाजूला जात नाही. न्हाव्याने तिला एकदा पाहिलं आहे. दुसऱ्यांदा दिसली तर त्याला ती आठवेल, आठवलं तर तो कुणाशी बोलेल, आणि कपाटातलं ते पान उघडायला एक माणूस पुरतो. तिचा हादी आत आहे, तिचे वडील म्हातारे आहेत, मुलाला नुकतं पाणी मागता यायला लागलंय. हे सगळं खरं आहे, आणि हे सगळं ती स्वतःला इतक्या वेळा सांगून बसली आहे की आता त्यात काही उरलेलं नाही. म्हणून तुम्हाला विचारायचं. तुमच्या नावापुढे तो रकाना नसेल, किंवा असला तरी त्यात काय लिहिलंय याने तुमची झोप उडत नसेल. तुमचं त्या भागात काही काम निघालं, किंवा काम नसताना पाय तिकडे वळले, तर एकदा बघून या. बेकरी, मग न्हावी, मग बोळ, तिसरं दार, हिरवं. न्हाव्याने विचारलं तर सांगा, केंद्रातून आलोय, हैफा अब्बासचा डोस राहिलाय. ते खरंच आहे. दारावर शिक्का असेल तर थांबू नका, पुढे चालत राहा. शिक्का नसेल तर वाजवा. पहिल्या थापेला कुणी उघडणार नाही, दुसऱ्या थापेलाही नाही. आतून काही हालचाल ऐकू येणार नाही. म्हणून आत कुणी नाही असं समजून फिरू नका. जरा उभे राहा. घाबरलेल्या बाईला दार उघडायला फार वेळ लागतो.